दोनची मोजणी

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४

ही डायरी ईश्वरला जानेवारीत ऑफिसातून मिळाली आणि दिवाळीपर्यंत कोरीच पडून राहिली. आज त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, आता तूही नोकरीवाली झालीस, लिही काहीतरी. म्हणून लिहितेय.

पूनम सागरमध्ये येऊन नऊ दिवस झाले. लालबागच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं राहायचो. इथे दोघंच, दोन खोल्या, आणि दार लावलं की आपलं घर. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून इमारतींच्या फटीतून मिठागरांचा पांढरा तुकडा दिसतो. दुपारी तो इतका चमकतो की डोळे मिटून घ्यावे लागतात. पाणी टँकरचं, रस्ते अजून मातीचे, पण मला कशाचंच काही वाटत नाही.

आणि नोकरी तर दारातच. शेजारच्या ए विंगमध्ये तळमजल्याचे दोन फ्लॅट एक करून मनोरमाबाईंनी पाळणाघर काढलंय. त्या शाळेतून रिटायर झालेल्या, स्वभावाने कडक, पण बोलणं स्वच्छ. भाईंदरलाही त्यांचं एक पाळणाघर आहे, त्यामुळे इथे त्या सकाळीच असतात. दुपारनंतर सगळं माझ्यावर. पर्यवेक्षिका असं माझ्या नावापुढे कागदावर लिहिलंय. मी ते घरी येऊन दोनदा वाचलं.

मुलं एकोणीस. दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंतची. माझ्या हाताखाली शांती नावाची आया आहे. गोडदेवची, आगरी, चाळिशीची. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर मिठागरावर काम केलं. आवाज मोठा, हात मऊ. रडणारं मूल तिने उचललं की दोन मिनिटांत गप्प होतं. पहिल्याच दिवशी तिने माझ्या डब्यात सुकटीची चटणी वाढली आणि म्हणाली, "बाई, तुमी लय बारीक हाव. पोरा उचलाला ताकद लागते."

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

इथले नियम मला आवडले. दर अर्ध्या तासाला मुलं मोजायची आणि वहीत लिहायचं, वेळ, आकडा, मोजणाऱ्याचं अक्षर. मी मोजलं तर 'सं', शांतीने मोजलं तर 'शां'. शांतीला लिहिता येत नाही, म्हणून तिचा आकडाही मीच उतरवते. खोलीत कायम एक तरी मोठं माणूस हवंच. मागच्या दाराला दोन कड्या आहेत, एक नेहमीची आणि एक वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी. त्या दाराबाहेर इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. दुपारी टँकर आला की वॉचमन तिचं लोखंडी झाकण उघडतो आणि पाइप सोडतो. म्हणून वरची कडी.

एक ते तीन मुलं झोपतात. सतरंज्या घालायच्या, पडदे ओढायचे. न झोपणारा एकच, लवू. साडेतीन वर्षांचा. आई सुलू अंधेरीला टायपिस्ट आहे, बी विंगमध्ये राहते, वडील दुबईत. लवू डोळे मिटून पडतो, पण एक डोळा किंचित उघडा ठेवतो, आणि मी जवळून गेले की साडीचा पदर धरतो. मोजताना मी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावते. त्याच्या डोक्याला लावून पुढे गेले की मागून हळूच विचारतो, "बाई, मला मोजलं?" मोजलं म्हटलं की मग डोळा बंद.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

आज तपासणी झाली. परवान्याचं नूतनीकरण जानेवारीत आहे, त्याआधीची ही पहिली फेरी. तपासणीस बाई ठाण्याहून आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. चहा घेतला नाही. गॅस कुठे, औषधं कुठे, खिडकीचे गज किती अंतरावर, सगळं पट्टीने मोजलं. मग मुलं मोजली आणि माझ्या वहीतला आकडा पाहिला.

जाताना त्या माझ्याशी उभ्यानेच बोलल्या. गज, कड्या, कुलपं हे सगळं दुय्यम असतं, म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मी ज्या वाईट गोष्टी पाहिल्या, त्या सगळ्या कुणीतरी पाच मिनिटं बाहेर गेल्यामुळे झाल्या. मी मान हलवली. टाकीच्या झाकणाला मात्र कुलूप हवं असं त्यांनी लिहून दिलं.

मनोरमाबाई खूश होत्या. शांतीने सगळ्या मुलांना शेंगदाण्याची चिक्की वाटली.

गुरुवार, १ डिसेंबर

जे झालं ते कुठेतरी खरं लिहिलं पाहिजे. ते इथेच लिहिता येईल.

परवा, मंगळवारी दुपारी, चंदनला ताप भरला. त्याच्या आईच्या ऑफिसात फोन लागत नव्हता. मी शांतीला म्हटलं, स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन या. ती घुटमळली. म्हणाली, तुमी एकल्याच ऱ्हाल. मी म्हटलं, मी आहे ना, जा. दीडची मोजणी करून ती गेली. एकोणीस. मी वहीत लिहिलं, पुढे 'शां'.

मग मी ओली दुपटी मागच्या दोरीवर वाळत घातली आणि आत आले. नेहमीची कडी लावली. वरची लावली नाही. हात भरलेले होते, मग विसरले.

पावणेदोनला समोरच्या किराणा दुकानाचे मितेशभाई दारात आले. भाभी, आपका फोन है. ईश्वरचा होता. त्याचं प्रमोशन झालं होतं. मुलं सगळी झोपली होती. दुकान समोरच, रस्ता ओलांडला की. मी गेले. पाच मिनिटं बोलायचं म्हणून गेले आणि अकरा मिनिटं बोलले. मला माहीत आहे अकरा, कारण मितेशभाईंच्या भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. मी फोनवर हसत होते. किती हसले ते मला आठवतंय.

परत आले तेव्हा खोली शांत होती. दोन वाजले होते. मी खुर्चीत बसले, वही ओढली आणि लिहिलं: २.०० — १९ — सं. मोजलं नाही. एकाच्याही डोक्याला हात लावला नाही. ईश्वरसाठी संध्याकाळी काय करावं याचा विचार करत होते.

अडीचला शांती औषध घेऊन आली. चपला काढता काढता तिने नजर फिरवली. मग पुन्हा फिरवली. म्हणाली, "बाई, यक कमी हाय."

मागचं दार उघडं होतं. टँकर निघून गेला होता. वॉचमनने झाकण अर्धंच ओढलं होतं.

शांती खाली उतरली. कुणाला थांबली नाही, साडीसकट उतरली. तिनेच लवूला वर काढलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

शनिवार, ३ डिसेंबर

पोलिसांनी जबाब घेतला. त्याआधी मनोरमाबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं. त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. म्हणाल्या, संपदा, कागदावर जबाबदार तू आहेस. तू बाहेर होतीस असं निघालं तर परवाना जाईल, दोन्ही ठिकाणचा जाईल, आणि तुला अटक होईल. शांती रोजंदारीवर आहे. तिच्या हातून झालं म्हटलं तर तिला काढून टाकतील, तेवढ्यावर मिटेल.

मी विचारलं, आणि औषध? त्या म्हणाल्या, औषध आणायला तू गेली होतीस.

वही माझ्यासमोर होती. 'सं' चं 'शां' करायला दोनच रेघा लागतात.

ईश्वरला ठाऊक आहे मी पावणेदोनला कुठे होते. फोन त्यानेच केला होता. जेवताना एकदाच म्हणाला, आता त्यात पडू नकोस. मितेशभाईंनाही ठाऊक आहे. आज त्यांनी साखर बांधून दिली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

शांतीला चौकीवर नेलं तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना. मना तुमीच धाडलेला." सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बघितलं.

मी सही केली.

सोमवार, १९ डिसेंबर

पाळणाघर पुन्हा उघडलं. मला वाटलं होतं कुणी मुलं पाठवणार नाही, पण आईवडील करणार काय, कामावर तर जायचंय. सगळी आली. अठरा. टाकीला कुलूप बसलंय, चावी वॉचमनकडे. शांती दोन दिवसांनी चौकीवरून सुटली, पण केस आहे. तिच्या जागी आनंदी म्हणून बाई घेतली, भाईंदरची, कामाला चोख.

दीडला मी मोजणी केली. डोक्याला हात लावून. एकोणीस झाली.

सवयीने आकडा पुढे गेला असेल असं वाटलं. पुन्हा मोजली. एकोणीस. आनंदीला मोजायला सांगितलं. तिने बोट फिरवून अठरा म्हटलं. वहीत अठरा लिहिलं.

गुरुवार, २२ डिसेंबर

रोज होतंय. फक्त झोपेच्या वेळी आणि फक्त मी मोजलं की.

आज मी नावं घेत मोजली. एकेकाचा चेहरा बघून, नाव मनात म्हणून, डोक्याला हात. अठरा नावं झाली. प्रत्येक चेहरा माझ्या ओळखीचा, प्रत्येक मूल आपापल्या सतरंजीवर. अनोळखी कुणीच नाही. आणि तरी हात एकोणीस वेळा टेकला. कुठलं डोकं जास्तीचं ते मला सांगता येत नाही. प्रत्येक ऊबदार होतं.

संध्याकाळी अठराच मुलं घरी जातात. ते मी दारात उभी राहून बघते.

मंगळवार, २७ डिसेंबर

समीक्षा पाच वर्षांची आहे, सगळ्यांत मोठी, बोलकी. आज तिने सतरंजी उचलली आणि खिडकीखाली नेऊन घातली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, तो झोपू देत नाही. कोण? तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी मुद्दाम विचारतेय. म्हणाली, तो सारखा विचारतो, बाईंनी मला मोजलं का.

मी तिला गप्प बस म्हटलं. तिच्या दंडाला धरलं. जोरात धरलं असावं, बोटं उमटली होती. आनंदीने पाहिलं.

सोमवार, २ जानेवारी १९९५

डायरी संपली. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय.

सुलू कामावर जात नाही. दुपारी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसते, मुलं झोपतात तेव्हा. आज मी बाहेर गेले. तिने मला बसायला जागा दिली. म्हणाली, ताई, शांतीला मी रोज शिव्या देते. झोपताना, उठताना. तिच्या घरावर नांगर फिरो म्हणते. मग वाईट वाटतं, तिचीही पोरं असतील. तुम्ही किती जपायचात त्याला, तो घरी तुमचंच नाव घ्यायचा.

तिने माझा हात हातात घेतला होता. मी तो काढून घेतला नाही.

गुरुवार, ५ जानेवारी

आज खुर्चीत बसले होते. आनंदी खोलीतच होती. पदर कुणीतरी ओढला. हलकेच, धरून ठेवला. खाली पाहिलं नाही. तीन वाजेपर्यंत तशीच बसले. पाय बधिर झाले.

आनंदी म्हणाली, बाई, तुम्ही रडताय.

रविवार, ८ जानेवारी

गोडदेवला गेले. ईश्वरला सांगितलं नाही.

शांती अंगणात सुकट निवडत होती. बस म्हणाली, पाणी दिलं. गावात तिच्याशी कुणी बोलत नाही, असं तिच्या मुलीने सांगितलं, रागाने. पोरटं मारणारी म्हणतात. शांतीने मुलीला आत पाठवलं.

मी सगळं बोलले. मोजणीचंही. ती ऐकत राहिली. हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, मला माफ कर, म्हणजे हे थांबेल.

ती म्हणाली, "माजी माफी न्यून काय करशाल? तो मना इचारत न्हाय. माजे नावावर तुमी लिवलाव, ता तुमीच खोडा. पोराचे आईला सांगा."

मी म्हटलं, सांगते. बुधवारी तपासणी आहे, तेव्हाच सांगते, सगळ्यांसमोर.

तिने मान हलवली. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

बुधवार, ११ जानेवारी

तपासणीस बाई आल्या. झाकणाचं कुलूप पाहिलं. वरची कडी पाहिली. वही पाहिली. २९ नोव्हेंबरच्या पानावर थांबल्या. त्या दोन रेघांवर बोट ठेवलं, की मला तसं वाटलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

मनोरमाबाई बाजूला उभ्या होत्या.

मी नाही म्हटलं.

मग त्यांनी मुलं मोजली, झोपलेली. कागदावर आकडा लिहिला आणि कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, पटावर अठरा आहेत ना? मग हे एकोणिसावं कुणाचं?

पुन्हा मोजलं, अठरा भरली. चष्मा पुसला. उन्हातून आलं की असं होतं, म्हणाल्या. आकडा खोडला.

परवाना मिळाला. तीन वर्षांचा.

शुक्रवार, १३ जानेवारी

आता उठल्यावरही. खाऊच्या वेळी रांगेत. एकोणीस हात पुढे—

घरी झोपायला भीती वाटत नाही. घरी काही नसतं. तो तिथेच असतो जिथे मी त्याला मोजलं नव्हतं.

समीक्षा माझ्याशी बोलत नाही. आज दुसऱ्याच कुणाशी तरी कुजबुजत होती, भिंतीकडे तोंड करून. मागच्या दाराकडे बोट दाखवत होती.

सोमवार, १६ जानेवारी

पाळणाघरात बसूनच लिहितेय. पावणेदोन.

सकाळी सुलूला चिठ्ठी लिहिली. सगळं. फोन, अकरा मिनिटं, कडी, दोन रेघा. शांतीची काही चूक नाही हे तीनदा लिहिलं. तोंडाने मला जमत नाही, हे आता कळलंय. संध्याकाळपर्यंत ठेवली तर फाडून टाकेन, म्हणून आत्ताच आनंदीला दिली. सुलू आज कट्ट्यावर आलेली नाही, म्हणून बी विंग, दुसरा मजला, नुसती द्यायची आणि यायचं. मागच्या दारातून गेली, तिकडून जवळ पडतं. पाच मिनिटांचं काम.

मी खोलीतच आहे. हलणार नाही.

टँकर आलाय. पाइप ओढल्याचा आवाज.

चिठ्ठी एव्हाना पोचली असेल. सुलू वाचत असेल. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं— आज पहिल्यांदा—

दोन वाजले. मोजून आले. प्रत्येकाच्या डोक्याला हात लावला.

अठरा.

परत मोजली. अठरा. देवा, अठराच आहेत. गेला. खरं सांगितलं आणि गेला तो.

वहीत लिहिलं. २.०० — १८ — सं.

आता नावं घेऊन बघते एकदा, इथे बसूनच. चंदन आहे. खिडकीखाली समीक्षाची सतरंजी—

रिकामी.

समीक्षा नाही. कोपऱ्यात नाही, पडद्यामागे नाही. पण डोकी अठरा भरली. म्हणजे तो गेला नाही. अठरांतला एक तो आहे, आणि ती—

आनंदी मागच्या दाराने गेली. तिच्यामागे वरची कडी मी लावली का— मी इथे लिहीत बसले आणि—

दार उघडं आहे. टाकीचं कुलूप काढलेलं, पाइप सोडलाय, वॉचमन तिथे नाही— समीक्षा— मी जाते— पण आत ही सगळी एकटी— कुणीतरी पदर धरलाय, सोडत ना—